बाहेर कोण बसणार?

आमच्या घरमालकांच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं : 'राणीच्या काळातलं रोजचं जगणं. फक्त फॅमिलीसाठी.' खाली बारीक अक्षरांत, 'रविवारी दुपारी.' आमच्या जालन्यात 'फक्त फॅमिलीसाठी' असं हॉटेलातल्या पडद्याआडच्या खोलीवर लिहिलेलं असतं. त्यामुळे अधूनमधून एखादं कुटुंब सरळ आत येऊन खुर्च्यांवर बसायचं आणि मिसळ सांगायचं. घरमालक चिडायचे नाहीत. म्हणायचे, "मिसळ न्हाई. चहा मिळंल. पण आधी राणीचा काळ बघावा लागंल." मग ती भुकेली माणसं मुकाट्याने राणीचा काळ बघायची.

त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. उंच, वाळलेले, मेंदी लावून लाल केलेली दाढी. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाकी सगळं सोडलं, पण खाकी पँट सोडली नाही. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी, माझी बायको उज्ज्वला, मुलगी सई आणि माझी आई असे बरीच वर्षं भाड्याने राहिलो. आता आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. तिथे कोणीच काही दाखवत नाही, त्यामुळे तसं बरं आहे.

मी बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करतो. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी उघडून बघायचा. जे बी उगवत नाही त्याच्याकडे बघून मला दरवेळी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. साहेब म्हणतात, "अहो, ते बी खराब आहे." तरी माझी समजूत पटत नाही. अशा स्वभावाच्या माणसाने चाचांच्या घरात राहायला जायला नको होतं.

चाचांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या आजोबांचे आजोबा इंग्रजांच्या राणीच्या काळात इथल्या छावणीत एका गोऱ्या साहेबाचा पंखा ओढायचे. छताला आडवी लाकडी पट्टी, तिला झालर, झालरीला दोरी, आणि दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात. साहेब आत झोपणार, हे बाहेर बसून दोरी ओढणार. "हात दुखला की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचे," चाचा सांगायचे. "मंग झोप लागायची. माणूस झोपायचा, पाय न्हाई झोपायचा. पंखा बराबर चालू." हे ऐकून प्रत्येक फॅमिली हसायची. मीही हसायचो. चाचा अजिबात हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "खानदानात दोरीच आली. त्यांनी पंख्याची ओढली, मी घंटीची."

छावणी गेली, साहेब गेले, पण जाताना टाकून दिलेलं सामान नोकरांच्या घरांत राहिलं. चाचांनी ते नातेवाइकांच्या माळ्यांवरून आणि भंगारवाल्यांच्या गाड्यांवरून वर्षानुवर्षं गोळा करून खालच्या मजल्यावर त्याचं म्युझियम मांडलं होतं. तोटी तुटलेली किटली. कान नसलेले कप. हातपाय धुवायचं चिनी मातीचं पसरट भांडं, मधोमध तडा गेलेलं. कोळशाची इस्त्री, तिचं झाकण नाही. बूट काढायची लाकडी खाच, एक शिंग मोडलेलं. सगळ्या घरात एकही वस्तू धड नव्हती, आणि चाचांना त्याचाच अभिमान होता. "साबुत चीज साहेब घेऊन गेला," ते म्हणायचे. "तुटली ती आमची झाली. म्हणून तुटलेली तेवढी असली चीज."

एकदा एका व्यापाऱ्याने मोठ्या मनाने त्यांना जुना कप आणून दिला. कानासकट, सोनेरी कडेचा, एक टवका नाही. चाचांनी तो उन्हात धरून फिरवून बघितला आणि परत केला.

"चांगला हाय. पण याला अजून काही झालंच न्हाई."

"म्हणजे?"

"घरी वापरा. तुटला की आणा."

व्यापारी पुन्हा आला नाही.

म्युझियम दाखवायची चाचांची एक पद्धत होती. एकट्या माणसाला प्रवेश नाही. "एकटा माणूस रोजचं जगणं काय बघणार? तो फक्त सामान बघतो." त्यांच्या हातात साहेबाच्या टेबलावरची पितळी घंटी असायची. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. "पुढं सरका, पुढं सरका, मागच्यांना जागा द्या," असं म्हणत ते लोकांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचे. खोल्या सगळ्या मिळून तीनच, पण त्या गर्दीत माणसाला अंबडहून जालन्याला उभ्याने आल्यासारखं वाटायचं.

लाकडी पेटीतल्या कमोडपाशी फॅमिली हमखास रेंगाळायची. पोरं खिदळायची, बापे लोक मिशीत हसायचे. चाचा एक टोला द्यायचे.

"हे साहेबाचं. बसणारा कोण, कळलं. आता सांगा, भरल्यावर उचलत कोण होतं?"

फॅमिली एकमेकांकडे बघायची.

"त्याचं नाव कुठंच लिवलेलं न्हाई. रोजचं जगणं तिथून सुरू होतं." दोन टोले. "चला, पुढं सरका."

शेवटची खोली म्हणजे पंख्याची. पट्टी चाचांनी सुताराकडून करून घेतली होती आणि झालर चाचींनी जुन्या पडद्याची शिवली होती. चाची म्हणजे चाचांच्या पत्नी, ठेंगण्या, हसऱ्या, मागच्या स्वयंपाकघरातून सहसा बाहेर न येणाऱ्या. पंख्याखाली खुर्च्या मांडलेल्या असायच्या. फॅमिली बसायला लागली की चाचा आपला प्रश्न विचारायचे.

"सगळ्यांना आत बसता येणार न्हाई. एकाला बाहेर बसून दोरी ओढायचीय. बाहेर कोण बसणार? आपसात ठरवा. मी बोलणार न्हाई."

आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

म्युझियम खरं इथे होतं. आधीचे कप आणि किटल्या म्हणजे नुसती प्रस्तावना. पाठीमागे काय चाललंय ते चाचा कानांनी बघायचे. "तू बस ना गं." "मी कशाला, तुझा मामा बसंल." "माझी कंबर..." बहुतेक वेळा फार चर्चा व्हायची नाही. घरातली कोणीतरी एक बाई पदर खोचून न बोलता बाहेर जायची. कधी सून, कधी आई, एखाद्या घरात लग्न न झालेली आत्या. पंखा हलायला लागायचा आणि बाकीचे म्हणायचे, "वा! काय हवा येते!"

चाचांना आधीच माहीत असायचं. फाटकाशी उभं राहून ते मला हळूच सांगायचे, "पिशवी कोणाच्या हातात हाय बघा. तीच बसणार." एकदाही चुकले नाहीत.

आमच्या फॅमिलीनेही म्युझियम बघितलं. एप्रिल महिना होता. उज्ज्वला परतूरची. तेव्हा ती रोज सकाळी बसने खेड्यातल्या शाळेत शिकवायला जायची आणि दुपारी परत यायची. रविवार तेवढा तिचा. चाचांनी प्रश्न विचारला, भिंतीकडे वळले, आणि मी काही विचार करायच्या आत ती बाहेर गेलेली होती. आई खुर्चीत डोळे मिटून बसली. सईने पाय पसरले. पंखा हलला. खरोखर छान वारा आला. आणि मी, मला आजही कळत नाही का, भिंतीतल्या भोकाशी तोंड नेऊन म्हणालो, "थोडं जोरात ओढ ना."

 पंखा जोरात हलायला लागला. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

त्यानंतर ते प्रत्येक फॅमिलीला सांगायला लागले, "वर किरायदार राहतात. शिकलेले हायत. बायको बाहेर बसून राह्यली, घामाघूम झाली, तर भोकातून काय म्हणाले माहितीय?" मग माझं वाक्य, अगदी माझ्या आवाजात. लोक वर बघायचे. मी खिडकीतून मागे सरकायचो. अशा रीतीने मीही म्युझियमचा भाग झालो, आणि गंमत अशी की तिथली धड म्हणावी अशी वस्तू मीच होतो.

मला राग आला नाही. मला वाटलं, बरोबर आहे, मी शिक्षेला पात्र आहे. उज्ज्वलाला मात्र याचंच हसू यायचं. ती म्हणायची, "तुम्हाला वाईट वाटून राह्यलं ना, मंग वाटू द्या. तेवढ्यात मी भाजी निवडून घेते."

प्रत्येक फॅमिलीला शेवटी चहा मिळायचा. हा चाचांचा नियम. स्वयंपाकघराचा पडदा हलायचा, कपांचा ट्रे पुढे यायचा, बांगड्या वाजायच्या आणि पडदा पुन्हा पडायचा. चहा उत्तम असायचा. आलं ठेचलेलं, दूध जास्त. लोक चाचांना म्हणायचे, "चहा एक नंबर." चाचा मान लववायचे, जणू तोही त्यांनी भंगारातून शोधून आणला होता.

आता केदारखेड्याची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला त्रास होतो, कारण ती मंडळी मी पाठवली होती. आमच्या कंपनीत केदारखेड्याचा एक जण आहे. त्याच्या घरचे लग्नाच्या बस्त्याला जालन्याला येणार होते. मी म्हटलं, खरेदी झाली की आमच्या घरमालकांचं म्युझियम बघा. मुलांना इतिहास कळतो.

ते जीप भरून आले. पिशव्या पुष्कळ, त्यामुळे चाचांचा अंदाज पहिल्यांदाच अडला. बरोबर एक म्हातारी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, तोंडात एकच दात आणि तो दिसत राहील अशी हसायची सवय. तिने किटल्या बघितल्या, कमोड बघितला, "उचलत कोण होतं?" या प्रश्नाला सगळ्यांच्या आधी "आपणच की!" म्हणाली. चाचा खूश झाले. पंख्याच्या खोलीत प्रश्न आला तशी म्हातारी म्हणाली, "मी बसते. मला सवय हाय. पण बाबा, तुझ्या घरचं कोण बसतं बाहेर?"

चाचा भिंतीकडे वळलेले होते, ते परत फिरले. "आमच्या घरचं?"

"बायको आसंल ना तुला?"

"हाय की. आत हाय."

"आत कुठं? आत तर आम्ही हाओत."

"चहा करून राह्यली."

"रोज?"

"रविवारी. म्हणजे... चहा रोजच."

"तिनं ही हवा घेतली का कधी?"

 कंडक्टरला सुट्टे मागितल्यासारखे चाचा खिसे चाचपायला लागले.

म्हातारीने उघड्या दारातून मागच्या खोल्यांकडे बघितलं. कप, किटली, इस्त्री, खाच. मग दात दाखवून म्हणाली, "एवढं सगळं मांडलंस. तिला तेवढी मांडायची राह्यली."

लोक हसले. वाईट हेतूने कोणी हसलं नाही. पण त्याच वेळी पडदा हलला होता. चाची ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे जवळच्या टेबलावर ठेवला, पडदा सारखा केला आणि आत गेल्या. बांगड्या वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन निघाल्या. मी ऑफिसला जात होतो. म्हणाल्या, "बेटी के पास परभणी जा रही. दोन दिवसांत येते." भांडण नाही, रडणं नाही. चाचा त्यांना स्टेशनवर सोडून आले आणि आल्यावर फाटकात उभे राहून म्हणाले, "गेली. येईल."

त्या आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी म्युझियम उघडलं. चहाच्या वेळी चाचा स्वयंपाकघरात गेले, आत बराच वेळ भांडी पडली, आणि बाहेर येऊन ते म्हणाले, "आज चहा न्हाई. गॅस संपला." त्याच्या पुढच्या रविवारी पाटीवर खडूने लिहिलं होतं : 'दुरुस्तीसाठी बंद.' ज्या घरात एकही वस्तू धड नाही ते दुरुस्तीसाठी बंद आहे, हे वाचून गल्लीतल्या लोकांची चांगली करमणूक झाली.

मला मात्र झोप येईना. सगळं माझ्यामुळे झालं होतं. मी बस्त्याच्या लोकांना पाठवलं नसतं तर म्हातारी आली नसती, आणि चाची गेल्या नसत्या. हे मी उज्ज्वलाला सांगितलं.

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "यात पण तुम्हीच का? चाची गेल्यात, चाचा उपाशी बसलेत, आणि वाईट तुम्हाला वाटून घ्यायचंय. त्यांचं तेवढं तरी त्यांना राहू द्या."

तरी मी खाली गेलो. चाचा पंख्याच्या खोलीत खुर्चीत बसले होते. दाढीची मेंदी उतरून मुळं पांढरी दिसत होती. टेबलावर हॉटेलातून आणलेला भात तसाच होता.

"चाचा, फोन करा ना."

"काय बोलू?"

"या म्हणा."

"तिचं घर हाय. या कशाला म्हणायचं? घरच्या माणसाला या म्हणतात का?" मग हॉटेलातला भात बाजूला सरकवत म्हणाले, "जिंदगीभर दुसऱ्यांच्या फॅमिलीत बघितलं, बाहेर कोण बसलंय. पाठ फिरवून बघितलं हो मी. माझ्या पाठीमागं तर स्वयंपाकघरच होतं."

फोन मग मीच केला. चाचींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "उनकू बोलो, म्युझियम खोलो. रविवारी."

"तुम्ही येणार घरी?"

"घर का मालूम नहीं. म्युझियम देखने आती."

मी निरोप दिला. चाचांनी मेंदी लावली, खाकी पँटला इस्त्री केली, पाटीवरचा खडू पुसला. रविवारी दुपारी ऑटो थांबला. चाची उतरल्या. आयुष्यभर त्या मागच्या दाराने घरात आल्या होत्या. आज पुढच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आम्ही जिन्यात उभे होतो. चाचा घंटी घेऊन दारात.

"म्युझियम देखने आयी," चाची म्हणाल्या.

मला वाटलं, आता चाचा पुढे होतील, पिशवी घेतील. पण ते कंडक्टर होते. चाचींच्या डोक्यावरून कुठेतरी लांब बघत म्हणाले, "अकेले लोगां कू नहीं है. बोर्ड पढो."

ऑटोवाला पैसे मोजायचे सोडून बघायला लागला.

"अकेली कहाँ? फॅमिली सामने खडी है," चाची म्हणाल्या. "लाल दाढीवाली."

ऑटोवाला हसला. चाचांनी घंटीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि दोन टोले दिले.

त्यांनी चाचींना सगळं म्युझियम दाखवलं. एक शब्द गाळला नाही. किटली, इस्त्री, कमोड, उचलत कोण होतं, चला पुढं सरका. आम्ही मागून चालत होतो. चाचींनी ही सगळी भांडी रोज पुसली होती, पण त्यांच्याबद्दलची भाषणं पडद्याआडून अर्धीमुर्धीच ऐकली होती. कपांपाशी त्या थांबल्या.

"इतना बोलते तुम?" त्या म्हणाल्या. "मेरे से पूरी उमर में इतना नहीं बोले."

चाचांनी घाईने दोन टोले दिले.

पंख्याची खोली आली. चाची मधल्या खुर्चीत बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. चाचांचं भाषण सवयीने पुढे सरकत त्या प्रश्नापर्यंत आलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे पोचलो. पण नियम म्हणजे नियम.

"बाहर कौन बैठेगा?" ते म्हणाले. "आपस में तय करो." आणि भिंतीकडे वळले.

 उज्ज्वला तेवढ्यात व्हरांड्याकडे निघाली, आपोआप, जशी ती नेहमी निघते. चाचींनी तिचं मनगट धरलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं. तेव्हा माझा अपराधी स्वभाव उफाळून आला. मी म्हणालो, "मी बसतो."

भिंतीकडून आवाज आला, "तुम्ही फॅमिली न्हाई. किरायदार हाव."

चाचांनी घंटी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले.

पंखा हलला, पण कसा! खानदानी माणसाने ओढलेला पंखा असा असेल असं मला वाटलं नव्हतं. एकदम गचका, मग थांबा, मग दोन गचके. झालरीवरची धूळ चाचींच्या डोक्यावर पडली. चाची ओरडल्या, "धीरे! बस नहीं है वो!" हळूहळू त्याला लय आली.

"चाय?" चाची माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मी पडद्याआड गेलो आणि तिथे पहिल्यांदा उभा राहिलो. आलं कुठे ते सापडलं नाही. साखर फार पडली. ट्रे घेऊन आलो तर पंखा संथ, एका मापाने चालला होता. चाची आणि उज्ज्वला डोळे मिटून बसल्या होत्या. चाचींनी एक घोट घेतला, म्हणाल्या, "शिरा है क्या?" आणि सगळा कप संपवला.

चाचांचा कप घेऊन मी व्हरांड्यात गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते, डोकं एका बाजूला कललेलं, तोंड उघडं. घोरत होते. दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, आणि पाय पुढे-मागे, पुढे-मागे हलत होता. आत पंखा बराबर चालू. मी धावत आत जाऊन सांगितलं. चाचींनी खिडकीतून वाकून बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. एक फॅमिली पाटी वाचत उभी होती. पिशवी बाईच्या हातात होती. पुढचा गृहस्थ आत यायला लागला. त्याला थांबवायला चाचींनी टेबलावरची घंटी उचलली आणि एक टोला दिला.

गृहस्थ थांबला. आणि वर पंखाही थांबला.

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. बाहेर घोरणं चालूच होतं. ते झोपेत होते की जागे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्यांना विचारायची हिंमत मी कधी केली नाही. चाचींनी थोडा वेळ स्थिर झालरीकडे बघितलं. कपाळावरचा घाम पदराने पुसला. मग खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या आणि दोन टोले दिले.